आबांची भरलेली सभा

१ ऑक्टोबर. उद्याच्या ग्रामसभेसाठी पंचायतीच्या सतरंज्या आज आमच्या गच्चीवर उन्हात टाकल्या आहेत. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या सतरंज्यांना उंदरांचा आणि सांडलेल्या चहाचा वास येतो, आणि तो घालवायला काठीने झोडपण्याशिवाय दुसरा उपाय नाही. शिपायाला सांगितलं तर तो दोन टपल्या मारतो आणि गुंडाळून ठेवतो. म्हणून काठी मीच घेते. या सतरंज्या आबा सरपंचांनी घेतलेल्या. घेतल्या तेव्हा गाव त्यांना हसलं होतं. "सभेला चार टाळकी येतात आबा, एवढ्या सतरंज्या कुणाला, भुतांना का?" आबा जाऊन आता तीन वर्षं होतील. त्यांच्यावर कुणीतरी लिहायला हवं होतं. ऊन उतरेपर्यंत मला दुसरं काम नाही, तेव्हा मीच लिहिते.

आबा कुणालाही नावाने हाक मारत नसत. गावाने मारत. मी नांदगावची, म्हणून मी "नांदगाव". आमच्या शेजारचे पाटील "जळगाव". ओढ्याकाठी झोपडी करून राहणारा, बांधकामावरचा गडी "सुरगाणा", आणि त्याची बायको "सुरगाणाबाई". आमच्या बोरदऱ्यात तशी रीतच होती. नवी सून आली की तिचं नाव कुणी विचारत नसे; माहेर कुठलं ते विचारत आणि मरेपर्यंत तिला त्या गावाने ओळखत, पिंपळगावची, सिन्नरची. आबांनी ही रीत सुनांपुरती ठेवली नाही. कॉलनीत राहायला आलेला प्रत्येक बाप्या त्यांच्या लेखी गावात नांदायलाच आलेला होता.

पाटील कारखान्यात सुपरवायझर, कडक इस्त्रीचे. त्यांना हे मुळीच आवडलं नाही. "आबा, मला आडनाव आहे," असं त्यांनी एकदा चारचौघांत सुनावलं.

"हाय की," आबा म्हणाले. "पन त्या आडनावाची माझ्या गावात लय घरं हायत. जळगाव एकच हाय."

पाटील कॉलर सरळ करत निघून गेले. पुढे त्यांची बायकोसुद्धा चिडली की त्यांना "अहो जळगाव" म्हणू लागली.

आम्ही त्र्याण्णव साली आलो. सातपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना शहरात जागा परवडेना, आणि त्र्यंबकच्या रस्त्याला आत शिरलं की द्राक्षांच्या बागा मोडून प्लॉट पडत होते. आमची साफल्य कॉलनी त्यातली पहिली. घरं उभी राहिली तेव्हा तिथे रस्ता नव्हता, दिवे नव्हते आणि नळ तर नव्हताच. द्राक्षांच्या मांडवाचे लोखंडी अँगल मात्र अजून जमिनीत रोवलेले होते. त्यांना तारा बांधून आम्ही कपडे वाळत घालायचो. मध्ये ओढा. ओढ्याच्या त्या अंगाला जुनं गाव, या अंगाला आम्ही. ते आम्हाला "पलीकडचे" म्हणायचे आणि आम्ही त्यांना "पलीकडचे" म्हणायचो.

आबांना मात्र ओढा दिसतच नसे. सायकल हातात धरून, धोतर वर खोचून ते ओढ्यातून यायचे. कुठल्या घराची वास्तुशांत आहे हे त्यांना कसं कळायचं देव जाणे, पण बोलावणं असो नसो, आबा हजर. इतर लोक नारळ आणायचे, स्टीलची ताटली आणायचे. आबा कॅरियरला बांधून शेणखताचं पोतं आणायचे. पाहुण्यांच्या देखत ते पोतं अंगणात उतरवायचे आणि घरमालकिणीला सांगायचे, "कढीपत्त्याला घाला आन तुळशीला घाला. झाड लागलं का मानूस हलत नाय." आमच्या वास्तुशांतीला माझ्या जाऊबाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. तो कढीपत्ता आता पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागतो.

आता पाण्याकडे येते, कारण आबांची खरी गोष्ट पाण्याची आहे.

गावाची नळयोजना होती. नदीकाठी विहीर, शाळेमागे टाकी, आणि टाकीवरून गावातल्या घराघरांत नळ. कॉलनीला टँकर. टँकर आला की आमच्या शिकलेल्या बायकांची जी भांडणं व्हायची ती लिहिण्यासारखी नाहीत. टाकीवरून ओढा ओलांडून एक लाईन टाकली की प्रश्न मिटणार होता. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. म्हणून आम्ही ग्रामसभेला जायला लागलो, आणि इथेच आमची फजिती सुरू झाली.

नोटिशीवर तारीख आणि वेळ असे. आम्ही कारखान्यातली माणसं, भोंग्यावर जगणारी. वेळेच्या आधी पोचायचो. तिथे आबा, ग्रामसेवक आणि झोपलेलं कुत्रं. अर्धा तास वाट बघून ग्रामसेवक उठायचे आणि म्हणायचे, "गणपूर्ती नाही. सभा तहकूब." आम्ही पाच-दहा जण गावाच्या आळशीपणाला नावं ठेवत घरी यायचो. पुढच्या खेपेला तेच. आणि तरीही सभेत ठराव होत होते. देवळापुढे फरशी बसली, स्मशानाला शेड झाली. कधी ठरलं, कोणी ठरवलं, आम्हाला पत्ता नाही. पाटील म्हणायचे, "हे सगळं बंद खोलीत चालतं. भ्रष्टाचार आहे."

बंद खोली वगैरे काही नव्हती. मला कळलं ते आबांच्या बायकोकडून, पिठाच्या गिरणीत रांगेत बसले असताना. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं तर आक्का हसून हसून दळणावर बसल्या.

"अगं बाई, पहिल्या सभेला कोन जातं?" त्या म्हणाल्या. "पहिली सभा तहकूब व्हायलाच आसती. तहकूब झालेल्या सभेला मानसं मोजायची नसत्यात, चार आले तरी चालतंय. ती आठ दिवसांनी. सगळं गाव तवा येतं. तुमी काय पहिलीला जाता का काय?"

आम्ही पहिलीलाच जात होतो. वर्षानुवर्षं. गाव असे तेव्हा आम्ही नसायचो आणि आम्ही असायचो तेव्हा गाव नसायचं.

मला राग आला, आणि राग आला की मी कामाला लागते. पहिल्या सभेला गणपूर्ती लागते ना? लागते तर करू. शंभर माणसं लागतात, आमच्याकडे शंभराहून जास्त आहेत. सव्वीस जानेवारीच्या सभेला मी अख्खी कॉलनी उठवून नेली. रात्रपाळी करून आलेले पुरुष, पोरं काखेत घेतलेल्या बायका, पाटलांची म्हातारी आई. झेंडावंदन झालं आणि आम्ही शाळेच्या पटांगणात मांडी घालून बसलो. ग्रामसेवकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना माणसं मोजायची वेळ आली होती.

उपसरपंच तात्या दारात तंबाखू मळत उभे होते. तात्या म्हणजे आबांचे जन्माचे विरोधक. आबा पूर्व म्हणाले की ते पश्चिम म्हणणार. ते म्हणाले, "मोजा भाऊसाहेब, मोजा. पन यादीतली मोजा."

मतदारयादी उघडली. एकेक नाव विचारायला सुरुवात झाली आणि आमची हवा गेली. आबांनी मला विचारलं, "नांदगाव, तुमचं मत कुठं?"

"सासरच्या गावाला."

"जळगाव, तुमचं?"

पाटील उठून म्हणाले, "आमच्या गावी. आमच्या भावाचं पॅनल असतं तिथे."

सगळ्यांचं तेच. रेशनकार्ड गावी, मत गावी. इथे नुसते आम्ही.

आबा खुर्चीवरून उठले. चिडले नव्हते, पण चकित झाले होते. "हितं ऱ्हाता, हितल्या शाळंत पोरं घालता, हितलं पानी मागता, आन मत द्यायला यष्टीनं जाता?"

"आबा, भावाचं पॅनल..." पाटील म्हणाले.

"मंग पानी बी भावाकडूनच आना की!"

तात्या इतके हसले की तंबाखू सांडली. आमच्यातले पुरुषही हसले, काय करणार. गणपूर्ती नव्हती. सभा तहकूब झाली. तशी ती दर वेळी होतच होती, पण या वेळी आमच्यामुळे झाली.

दुसऱ्या दिवसापासून आबा कॉलनीत फिरू लागले. हातात मतदार नोंदणीचे अर्ज, खिशात शाईचं पेन. घराघरांत बसायचे. लोकांना वाटतं कागदावर नाव बदलणं सोपं असतं. तसं नसतं. आमच्या सासऱ्यांनी सरळ सांगितलं की मत काढलंत तर उद्या जमिनीतला हिस्साही काढल्यासारखा समजू. कुणाला वाटायचं आई-वडिलांना तोडल्यासारखं दिसेल. कुणाला वाटायचं इथे कुठे आपण कायमचे आहोत, रिटायर झालो की जाऊच. आबा सगळं ऐकून घ्यायचे, त्या गावाला यंदा पाऊस कसा आहे ते विचारायचे, चहा प्यायचे आणि अर्ज टेबलावर ठेवून उठायचे. जबरदस्ती नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. आमच्या घरी माझ्या नवऱ्याने तिसऱ्या फेरीला सही केली. म्हणाला, चहाची साखर तरी वाचेल.

आबा सुरगाण्याच्या झोपडीतही गेले. तो आधी भात काढून झाला की यायचा आणि पाऊस लागला की परत डोंगरात जायचा. पण दोन वर्षांपासून एका बंगल्याची राखण मिळाल्यामुळे बारमाही इथेच होता. "आमचा नाव कोन लिहील, आबा?" असं म्हणून तो लाजला. पाटील तिथेच उभे होते. म्हणाले, "आबा, हे लोक आज आहेत, उद्या नाहीत."

"आन तुमी काय जळगाव, शिक्का मारून आलाय का?" आबा म्हणाले आणि स्वतः त्याचा अर्ज भरायला बसले.

गावात याची बोंब झाली. आबा करत होते ते काय होतं हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. कॉलनीची मतं यादीत आली की गावाची मतं कमी ठरणार. आज पाण्याचा ठराव, उद्या सदस्य, परवा सरपंच. तात्यांनी पारावर सगळ्यांच्या देखत विचारलं, "आबा, स्वतःच्या हातानं खुर्ची देऊन ऱ्हायले तुमी पलीकडच्यांना. कळतंय का?"

आबांनी उत्तर दिलं ते मला आक्कांनी सांगितलं. म्हणाले, "पोराला सदरा आखूड झाला तर सदरा नवा शिवायचा असतो, तात्या. पोराला जेवू नको म्हनत नाय कुनी."

मी शिवणकाम करते. मला ते चटकन पटलं.

यादीत नावं लागेपर्यंत पावसाळा सरत आला. पुढची सभा दोन ऑक्टोबरची. आबांनी सतरंज्या घेतल्या त्या याच सभेसाठी, आणि गाव हसलं तेही याच सभेआधी. आम्ही पुन्हा सगळे गेलो, वेळेवर. ग्रामसेवकांनी यादीवर खुणा केल्या आणि घसा साफ करून म्हणाले, "गणपूर्ती झाली आहे." स्वतःच्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

गावातलं कुणीही नव्हतं. पहिली सभा ना! तात्यासुद्धा नव्हते.

पाटील पुढे सरकून हळूच म्हणाले, "आबा, ठराव वाचा. हात वर करतो. दहा मिनिटांत काम होईल, कुणाची कटकट नाही." खरं सांगायचं तर मलाही तेच बरं वाटलं. सगळ्या बायका होकारार्थी माना हलवत होत्या. चार वर्षांचा टँकर मानेवर होता.

आबांनी आमच्याकडे एकदा बघितलं. मग शिपायाला म्हणाले, "देवळातला माईक चालू कर."

मारुतीच्या देवळातून आबांचा आवाज सगळ्या शिवारात गेला. "ऐका. सभा भरली हाय. मी गंमत करीत नाय. आजच भरली हाय. पान्याचा ठराव हाय. ज्याला नाय म्हनायचं त्यानं येऊन नाय म्हना. मागून बोंबलू नका." आणि पुन्हा, "तात्या, तुमी तर याच."

लोकांना आधी खरं वाटलं नाही. मग जे पळत आले! कुणी बैल सोडून, कुणी फवारणीचा पंप पाठीवर तसाच घेऊन. बायका पिठाच्या हातांनी. तात्या न्हाव्याकडे बसले होते. ते अर्ध्या तोंडाला साबण लावून, गळ्याभोवतीचा टॉवेल फडकवत आले. आल्या आल्या ओरडले, "ही कुठली रीत? पहिल्या सभंला सभा?" इतक्या वर्षांत ओढ्याच्या दोन्ही अंगांची माणसं एका सतरंजीवर पहिल्यांदा बसली ती अशी, धापा टाकत आणि हसत.

भांडण मात्र खरं झालं. तात्या त्या अर्ध्या दाढीनिशी बोलले आणि मुद्द्याचं बोलले. "टाकी एकच हाय. ओढ्यापलीकडं लाईन नेली का आमच्या नळाला नुसता वारा येईल. वरच्या आळीला तर आत्ताच धार बारीक हाय." गावातल्या बायका ओरडल्या, आमच्या बायका ओरडल्या. मीही ओरडले.

आबा उभे राहिले. "जास्तीचा पंप बसवायचा हाय, ठरावात लिहिलंय," ते म्हणाले. "तरी सांगतो. लाईन झाल्यावर गावातल्या एका जरी बाईनं माझ्याकडं येऊन सांगितलं का आबा, तुमच्या लाईनीपायी माझा नळ आटला, तर त्याच सभंत राजीनामा देईन. आता हात वर करा."

हात वर झाले. आमचे सगळे झाले, आणि गावातलेही बरेच झाले. तात्यांचा झाला नाही. ठराव मंजूर.

उन्हाळ्यात लाईन झाली. पहिल्या दिवशी नळातून आधी फुसफुस वारा आला, मग तांबडा गाळ, मग पाणी. बायका अंगणात फुगड्या घालत होत्या. मी आधी दोन्ही पिंपं भरून घेतली आणि मग फुगडी घातली. आबा ओढ्याच्या काठावर सायकल धरून बघत उभे होते. सुरगाणाबाई घागर भरून त्यांच्यासमोरून गेली तेव्हा ते तिला म्हणाले, "बाई, आता सुरगाण्याला जाऊन सांग, पानी हितं हाय म्हनून." ती म्हणाली, "तिकडं सांगितला तं सगळाच सुरगाना येल, आबा!" आबा म्हणाले, "येऊ दे. सतरंज्या हायत."

आणि लोक आलेच. सुरगाण्याचे आले, खानदेशातले आले, कुठले कुठले आले. साफल्यच्या पाठीमागे आणखी कॉलन्या पडल्या. नवं शतक लागलं तेव्हा शाळेचे वर्ग दोन वेळेत भरू लागले होते आणि बसला बोरदरे फाट्यावर रांग लागत होती. निवडणुकीआधी वॉर्ड नव्याने पाडले. सदस्य वाढले, आणि वाढलेले सगळे ओढ्याच्या अलीकडचे. जुन्या गावाची वरची आळी आणि आमची कॉलनी मिळून एक वॉर्ड झाला. वरच्या आळीत आबांचं घर.

कॉलनीची बैठक झाली. आता आपला माणूस हवा, असं ठरलं. पाटलांना उभं राहायचं होतं, पण गाडी लावण्याच्या जागेवरून निम्म्या कॉलनीशी त्यांचं बोलणं बंद होतं. लोकांनी माझं नाव घेतलं. मी आबांच्या विरुद्ध उभी राहणार नाही, असं तिथेच सांगितलं आणि तेच सांगायला आबांना पंचायतीत जाऊन भेटले.

आबा रागावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "का? बिनविरोध आलो तर लोक म्हनतील, म्हाताऱ्याला दया दाखवली. उभ्या ऱ्हा. आन नीट उभ्या ऱ्हा, कमरेवर हात ठेवून."

उभी राहिले. माझं चिन्ह शिलाई मशीन, त्यांचं छत्री. प्रचारात ते ओळीने प्रत्येक घरी गेले आणि आमच्याही घरी आले. चटईवर बसून म्हणाले, "चहा द्या आन मत बी द्या."

"आबा, मी मला मत द्यायचं नाही का?"

"तुमचं तुमाला द्या. साहेबांचं मोकळं असंल ना?"

माझा नवरा चहा बघायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो आबा जाईपर्यंत बाहेर आला नाही.

मी निवडून आले. चांगल्या फरकाने. आबांनी हाताने लिहिलेली नावं होती ती. त्यांतली बहुतेक मतं मला पडली. सुरगाण्याने मात्र मतदान करून आल्या आल्या आमच्या दारात उभं राहून सांगितलं, "ताई, मी आबाला दिला." मी म्हटलं, बरं केलंस. गुलाल उधळला, ताशा लागला. आबा ताशासमोरच भेटले, कपाळभर गुलाल माखलेले. कुणीतरी विचारलं, आबा, वाईट नाही वाटलं?

"वाटलं की. दगड हाय का मी?" ते म्हणाले. "पन मीच बोलावलेली मानसं. पंगतीला बसवून उठवू का आता?"

संध्याकाळी मी त्यांच्या पाया पडायला गेले. आबांचं घर गावातलं सगळ्यात उंच, टेकाडाच्या पार वर. कामं सगळी पंचायतीत व्हायची, त्यामुळे त्या चढणीला मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. आबा ओसरीवर बसले होते. आक्का घरात नव्हत्या. मी बसतेय तोवर त्या चढण चढून आल्या, कमरेवर भरलेली घागर, धापा टाकत.

मी म्हटलं, "आक्का, आज नळाला पाणी नाही का?"

"आज?" आक्कांनी घागर उतरवली. "तुमची लाईन झाली तवापासून नाय."

"ए, गप," आबा म्हणाले.

"का गप? आता कोनती खुर्ची जायाची ऱ्हायली?"

आबा एकदम हसायला लागले. आक्काही. मला हसू येत नव्हतं. हळूहळू कळलं ते असं. जास्तीचा पंप बसला, सगळ्या गावाला पाणी पुरलं, वरच्या आळीलाही पुरलं. फक्त शेवटच्या, सगळ्यात उंच घरात चढेना. म्हणजे आबांच्या.

"एका बाईनं येऊन सांगितलं तर राजीनामा, आसं म्हनून बसलो," आबा म्हणाले. "ती बाई घरातच निघंल हे कुठं ठाऊक?"

"मी कुठं सांगितलं?" आक्का म्हणाल्या. "मी घागर उचलली."

"पण भरता कुठून?" मी विचारलं.

"कुठून म्हंजे? खाली, तात्याच्या नळावरून."

हे तात्यांना कळलं असतं तर आबांची खुर्ची पहिल्याच सभेत गेली असती. "मग तात्यांना माहीत नाही?"

"त्याला सगळं म्हायती हाय," आक्का म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच म्हनला, वहिनी, मी आबाला सभंत पाडीन. तुमच्या घागरीनं पाडनार नाय." आणि पदराने घाम पुसत म्हणाल्या, "आन झालं काय, शेवटी पाडलं ते तू!"

तिघेही हसलो. मी पाया पडले, आणि आक्कांना सांगितलं की सकाळी पाण्याच्या वेळेला नळाखाली रिकामा हंडा ठेवा. धार लागली की हंड्यावर पळी वाजवा, जोरात, ओढ्यापर्यंत ऐकू आली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्याकाठच्या वॉलवर, कॉलनीची लाईन चालू-बंद करतात तिथे, जाऊन उभी राहिले. पाणी सोडणारा रामदास चावी घेऊन आला. मी म्हटलं, कॉलनीची लाईन बंद ठेव. आधी गाव भरू दे, मग आमचं सोड.

"ताई, अजून तुमी पंचायतीत बसल्या बी नाय," तो म्हणाला.

"वॉलला बसावं लागत नाही. फिरव."

त्याने फिरवला. थोड्या वेळात कॉलनीच्या गच्च्यांवर बायका आल्या. पाटीलवहिनींचा आवाज सगळ्यांत वर. "काल गुलाल लावला आणि आज पाणी तोडलं? हेच का आपलं माणूस?"

"अर्ध्या तासाने येईल," मी खालून ओरडले. "आजपासून असंच येईल. लवकर उठून बसू नका."

त्या आणखी बरंच काही बोलल्या. मी टेकाडाकडे तोंड करून उभी होते. रामदास म्हणाला, ताई, एवढ्या वर नाय चढायचं ते. मी त्याला गप्प बसवलं. मग वरून पळीचा आवाज आला. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. हंडा फुटेल इतक्या जोरात आक्का वाजवत होत्या.

मी घरी आले. आमचाही नळ कोरडाच होता. आदल्या रात्रीची भांडी मोरीत तशीच पडली होती, आणि नवरा तोंडात ब्रश धरून पाण्याची वाट बघत उभा होता. त्याला पहिल्या पाळीला जायचं होतं. त्याला पिंपातलं तांब्याभर पाणी काढून दिलं आणि झाडू घेऊन अंगणातला गुलाल झाडायला लागले.